खेळताना हाक आली तर? विश्वासी माणूस आणि व्हिडिओ गेम

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे विवाहित आहेत, नोकरी करतात, चर्चमध्ये उपासनेला नियमित जातात. रात्री सगळं आटोपलं की तास-दीड तास व्हिडिओ गेम खेळतात, सुट्टीच्या दिवशी थोडं जास्त. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बांधवांनी त्यांना बजावलं की विश्वासी माणसाला हे शोभत नाही, कन्सोल विकून टाका आणि तो वेळ वचनाला द्या. पत्नी काही बोलत नाही. यांना मात्र तेव्हापासून खेळतानाही टोचणी लागते आणि न खेळतानाही. विचारतात की हे पाप आहे का, आणि नसेल तर माफक खेळणं म्हणजे नेमकं किती?

आधी सरळ उत्तर देतो. गेम खेळणं मुळात पाप नाही, आणि कोणी टोकलं एवढ्यासाठी कन्सोल विकायची गरज नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तासांत देणार नाही. मी बरीच वर्षं पाळकाचं काम करतो. त्यातला मोठा वेळ तरुणांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर बसण्यात जातो, आणि मी स्वतःही खेळतो. रोज अर्धाच तास खेळणारा, पण त्या अर्ध्या तासासाठी दिवसभर तळमळणारा माणूस मी पाहिला आहे. सुट्टीत दुपारभर खेळून बायकोने हाक मारताच कंट्रोलर ठेवून उठणाराही पाहिला आहे. घड्याळ लावून मोजलं तर पहिला माफक ठरेल. मला काळजी वाटते ती त्याचीच.

ज्येष्ठांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते पोकळ नाही. त्यांच्या मनात बहुधा बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय असावा. अज्ञान्यांसारखे नव्हे तर ज्ञान्यांसारखे चाला, वेळेचा सदुपयोग करा, कारण दिवस वाईट आहेत, असं प्रेषित पौल तिथे लिहितो. हे वचन गेम खेळणाऱ्याच्या डोक्यात हाणायला फार सोयीचं आहे. पण पौल पुढे कशाकडे वळतो ते पाहा. त्याच ओघात तो स्तोत्रं गाण्याविषयी बोलतो, उपकारस्तुतीविषयी बोलतो, आणि मग थेट घरात शिरतो: पती-पत्नी, आईबाप आणि मुलं, धनी आणि दास. वेळेचा सदुपयोग म्हणजे जागेपणीचा प्रत्येक क्षण धार्मिक कामात घालवणं, असा अर्थ तिथून निघत नाही. ज्या माणसांमध्ये देवाने ठेवलं आहे त्यांच्यात शहाणपणाने जगणं, असा निघतो. त्यामुळे गेमवरून उठून वचन वाचायला बसलेला, पण पत्नीशी आठवडाभर धड न बोललेला नवरा या वचनाच्या कसोटीला उतरत नाही.

विसावा घेणं हा आध्यात्मिक कमकुवतपणा आहे अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये मुरलेली आहे. शास्त्र तसं म्हणत नाही. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. जखऱ्या संदेष्टा आठव्या अध्यायात यरुशलेमेच्या पुनःस्थापनेचं चित्र रंगवतो, तेव्हा तिथल्या चौकांत काठी टेकत बसलेली म्हातारी माणसं आहेत आणि खेळणारी मुलंमुली आहेत. देवाने वसवलेल्या नगराची खूण म्हणून खेळ येतो. हे वचन मी ज्या ज्येष्ठांना दाखवलं त्यांपैकी बरेच जण थोडे थबकतात.

मंडळीच्या इतिहासातही या विषयावर आपल्या आधी पुष्कळ विचार झाला आहे. 13 व्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न घेतला: खेळण्यात सद्गुण असू शकतो का? त्याचं उत्तर होतं, होय. शरीर थकतं तसं मन थकतं, आणि मनाचा विसावा आनंदात असतो. त्यासाठी त्याने योहान प्रेषिताची एक जुनी कथा सांगितली आहे. योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक बिचकले. योहानाने त्यांच्यातल्या धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितलं, मग आणखी, मग आणखी, आणि विचारलं, असंच करत राहता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाचं मनही ताण कधी सैल केला नाही तर मोडतं, असं योहानाचं म्हणणं. अक्वायनस तर आणखी पुढे जातो. जो कधीच हसत-खेळत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्यातही तो दोष पाहतो. (हे आपल्या ज्येष्ठांना ऐकवू नका. पुढे त्याचं कारण सांगतो.) पण तोच अक्वायनस असंही म्हणतो की अतिखेळ हा खेळाच्या अभावापेक्षा मोठा दोष आहे, कारण खेळ विसाव्यासाठी असतो आणि विसावा कामासाठी. साधनच साध्य होऊन बसलं की गाडं उलटं फिरतं.

आता पहिला प्रश्न स्वतःला विचारा. तुमचा गेम तुम्हाला विसावा देतो का? हे गृहीत धरू नका. रात्री साडेअकराला रँक टिकवण्यासाठी अनोळखी लोकांशी चढाओढ करून, हरल्यावर जबडा आवळून, डोळे तारवटून अंथरुणावर पडणारा माणूस विसावलेला नसतो. कामाचा ताण त्याने दुसऱ्या ताणाने झाकलेला असतो. दुसरीकडे ठोकळे रचून घर बांधणारा किंवा मित्राबरोबर कोडं सोडवणारा माणूस ताजातवाना होऊन उठू शकतो. खेळून उठल्यावरचा पाऊण तास बारकाईने पाहा. तुम्ही आधीपेक्षा सौम्य असता की चिडके, हे तुमच्यापेक्षा घरच्यांना आधी कळतं.

मापाच्या प्रश्नाला शास्त्रातलं सर्वांत थेट वचन करिंथकरांस पहिल्या पत्रात सहाव्या अध्यायाच्या बाराव्या ओवीत आहे. सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी सर्व गोष्टी हितकारक नसतात. सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही. तिथे पौल जारकर्म आणि अन्न यांविषयी बोलतो आहे, खेळाविषयी नाही. पण आठव्या ते दहाव्या अध्यायात मूर्तीच्या नैवेद्याच्या प्रश्नाला तो हेच सूत्र पुन्हा लावतो, म्हणून ते आपणही लावू शकतो. लक्षात घ्या की मोकळीक तो नाकारत नाही. तो एवढंच विचारतो की मोकळीक तुझ्या हातात आहे की तू तिच्या?

अधीन होणं ओळखायचं कसं? माझी मुख्य कसोटी मार्काच्या सहाव्या अध्यायातून येते. शिष्य सेवा करून थकून आले आहेत, जेवायलाही सवड मिळालेली नाही. प्रभू त्यांना म्हणतो, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. इथपर्यंत आपण सगळे आनंदाने वाचतो. पण ते तारवातून पलीकडे पोहोचतात तर लोकसमुदाय आधीच तिथे येऊन उभा आहे. येशूला त्यांचा कळवळा येतो आणि तो त्यांना शिकवायला लागतो. विसावा त्यानेच सुचवलेला, हक्काचा, आवश्यक होता, आणि समोर गरज दिसताच त्याने तो बाजूला ठेवला. त्यानंतर लोकांना निरोप देऊन तो प्रार्थनेला डोंगरावर गेलाच. म्हणजे विसावा रद्द झाला नाही, पुढे ढकलला गेला. माझ्या लेखी माफक खेळ म्हणजे असा विसावा, जो हाक आली की न कुरकुरता बाजूला ठेवता येतो.

म्हणून समोर बसलेल्या माणसाला मी तास विचारत नाही. मी विचारतो, खेळताना कोणी हाक मारली तर तुमच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो? ‘आलो’ निघतो की ‘दोन मिनिटं’? आणि ती दोन मिनिटं किती मोठी असतात? मूल काही दाखवायला आलं तर तुम्ही पडद्यावरून नजर काढता का? काढली तर चेहऱ्यावर काय असतं? उत्तरं देताना लोक अडखळतात, कारण तासांविषयी खोटं बोलणं सोपं असतं, या गोष्टींविषयी कठीण.

इथे एक व्यवहाराची गोष्ट कळायला हवी, जी आपल्या प्रवचनांमध्ये जवळपास कधी येत नाही. सगळे गेम सारखे नसतात, आणि फरक फक्त विषयाचा नसतो. काही गेमना शेवट असतो. एक कथा असते, ती संपते. काहींना ठरावीक फेऱ्या असतात, फेरी संपली की श्वास घ्यायला जागा मिळते. काहींमध्ये हवं तिथे थांबवून, जतन करून उठता येतं. पण आज जे गेम फुकट मिळतात आणि सर्वांत जास्त खेळले जातात, त्यांतले पुष्कळसे तुम्ही थांबूच नये या हिशेबाने बांधलेले असतात. रोज लॉगिन केलं की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते. ठरावीक आठवड्यांत पूर्ण करायचा बॅटल पास, म्हणजे खेळत राहून एकेक करून मिळवायची बक्षिसं, ज्यांचे पैसे आधीच भरलेले असतात. या शनिवार-रविवारपुरताच मिळणारा गेममधल्या पात्राचा पोशाख. ऑनलाइन मॅच मध्येच सोडली तर दंड. आणि लूट बॉक्स, म्हणजे पैसे आधी द्यायचे आणि पेटीतून काय निघेल ते नशिबावर. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्याऐवजी अनियमितपणे मिळालं तर पक्षी चोच मारणं सोडता सोडत नाही. लूट बॉक्सचं तत्त्व तेच. 2018 मध्ये बेल्जियमच्या नियामक संस्थेने तपासलेल्या काही लोकप्रिय गेममधल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं. सरकारला हे दिसत असेल तर मंडळीला दिसायला हरकत नाही. पैसे लावून नशीब आजमावणाऱ्या पेट्या घेऊ नका, हा माझा सल्ला मी कोणासाठीही सैल करत नाही.

हे सांगण्याचं कारण असं की इच्छाशक्ती कमी पडते म्हणून स्वतःला कोसणारी पुष्कळ चांगली माणसं माझ्याकडे येतात. त्यांच्या बाजूला एक कंट्रोलर आणि पलीकडे त्यांना थांबू न देण्यासाठी पगार घेणारी तज्ज्ञांची फौज असते. तिथे रोज रात्री झुंजण्यापेक्षा रणांगणच बदलावं. थांबण्याच्या जागा असलेला गेम निवडावा. बक्षिसाच्या सूचना बंद कराव्या. ऑनलाइन मॅच मध्ये थांबवता येत नाही, म्हणून घरच्यांना तुमची गरज लागू शकते अशा वेळी ती सुरूच करू नये. मुलांच्या झोपेची, स्वयंपाकाची, आजारी माणसाच्या औषधाची वेळ असेल तर पॉज करता येणारा गेम खेळावा किंवा काहीच खेळू नये. आणि कुठे थांबायचं ते सुरू करण्याआधी, डोकं थंड असताना ठरवावं, कारण ‘एक शेवटची मॅच’ हा निर्णय नेहमी हरल्यावर घेतला जातो.

तासांचा नियम करावाच का? करावा, पण त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. 2021 मध्ये चीनने 18 वर्षांखालच्या मुलांसाठी ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढ्याच वेळेवर आणले. नियम वेळ आखू शकतो. त्या तासाची वाट पाहत उरलेला आठवडा कसा जातो, ते त्याच्या हातात नसतं. पौल कलस्सैकरांना हेच लिहितो: ‘हाती घेऊ नको, चाखू नको, शिवू नको’ असे विधी शहाणपणाचे दिसतात, पण देहाच्या लालसेला आवर घालायला ते उपयोगी पडत नाहीत.

मापाचा अंदाज घ्यायचा असेल तर काय आधी कापलं जातं ते पाहा. माझ्या अनुभवात क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी झोप जाते, तिच्यापाठोपाठ सकाळची प्रार्थना, कारण रात्री एकला झोपलेला माणूस पहाटे उठत नाही. मग माणसं जातात. त्यानंतर खरेपणा: किती खेळलो, किती पैसे भरले, याविषयी बारीकसारीक खोटं सुरू होतं. पहिल्या पायरीवर असाल तर झोपेची वेळ पक्की केली तरी पुष्कळ भागतं. शेवटच्या पायरीवर असाल तर हा प्रश्न गेमचा राहिलेला नाही, आणि एकट्याने सोडवायचाही नाही.

वैद्यकशास्त्राचंही यात म्हणणं आहे आणि ते आपण घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, तिच्यात गेमिंगच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. लक्षणं तीन: खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळाला वाढतं प्राधान्य देणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे सर्वसाधारणपणे किमान 12 महिने चाललेलं असावं आणि घर, शिक्षण, नोकरी यांत ठळक बिघाड झालेला असावा. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा विकार असतो, त्यामुळे जास्त खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी म्हणत सुटू नये. पण ज्याला तो आहे त्याला ‘प्रार्थनेत कमी पडतोस’ एवढंच सांगून परत पाठवणारा पाळक त्याचं नुकसान करतो. अशा माणसाबरोबर प्रार्थना करावी आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेही घेऊन जावं.

आता आशयाचा भाग. ‘किती’ एवढंच विचारणारे लोक ‘काय’ हे विसरतात.

हिंसेवरचा वाद जुना आहे. अमेरिकेत 1993 मध्ये यावर सिनेटसमोर सुनावण्या झाल्या, आणि त्यातून 1994 मध्ये तिथली वयोगटाचं मानांकन देणारी संस्था उभी राहिली. युरोपात 2003 पासून 3, 7, 12, 16 आणि 18 असे वयाचे आकडे गेमवर छापले जातात. विज्ञानाच्या बाबतीत प्रामाणिक राहू या. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की प्रत्यक्षातल्या हिंसक गुन्ह्यांचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्याशी लहानसा संबंध मात्र दिसतो. तेव्हा व्यासपीठावरून ‘गेम खेळणारी मुलं खुनी होतात’ असं सांगणाऱ्यांनी थांबावं. जे खरं नाही ते ऐकवलं की मुलं आपलं खरंही ऐकेनाशी होतात.

पण ख्रिस्ती माणसाचा प्रश्न गुन्ह्यापाशी संपत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने खुनाची आज्ञा रागापर्यंत आणि व्यभिचाराची आज्ञा नजरेपर्यंत आत नेली. म्हणून मी प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने नोंदवलेली त्याच्या मित्राची, अलिपियसची हकिकत तरुणांना सांगतो. अलिपियस रोममध्ये कायदा शिकत होता आणि त्याला मल्लांच्या जीवघेण्या झुंजींची घृणा होती. मित्रांनी त्याला ओढून आखाड्यात नेलं. तो म्हणाला, माझं शरीर न्याल, पण डोळे आणि मन तुमच्या हाती येणार नाही. तो डोळे मिटून बसला. कोणीतरी पडला, गर्दीने प्रचंड आरोळी ठोकली, आणि कुतूहलापोटी त्याने डोळे उघडले. ऑगस्टीन म्हणतो की खाली पडलेल्या मल्लापेक्षा खोल जखम त्याच्या आत्म्याला झाली. तो ते क्रौर्य पीत राहिला, आणि पुढे स्वतःच इतरांना तिकडे ओढून नेऊ लागला. तिथे खरी माणसं मरत होती, पडद्यावर मरत नाहीत, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसणार नाही. पण अलिपियसने कोणाला मारलं नव्हतं. त्याला फक्त मजा येऊ लागली होती.

म्हणून हिंसा असलेल्या गेमबाबत माझा प्रश्न असा की तो तुम्हाला मजा कशाची देतो? डावपेचांची, मित्रांबरोबर मिळून जिंकण्याची, गावाचं रक्षण करण्याची? की यातनांची? असहाय माणसाला छळण्याचंच बक्षीस देणारे गेम आहेत, आणि ते मी खेळत नाही. लैंगिक आशयाविषयी फार बोलायचं कारण नाही: तो असेल तर गेम बंद. ‘कथेत आहे म्हणून’ ही सबब मी पुष्कळदा ऐकली आहे.

जादूटोण्याचं विचाराल तर पडद्यावरच्या पात्राने मंत्र टाकणं म्हणजे स्वतः चेटूक करणं, असं मला वाटत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात मनाई आहे ती प्रत्यक्ष करण्याला. पण प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसच्या विश्वासणाऱ्यांनी 50,000 रौप्य नाण्यांच्या किमतीची जादूची पुस्तकं जाळली. ती विकून पैसे मंडळीला द्यावेत असं त्यांना सुचलं नाही. ज्या जगातून ते बाहेर आले होते त्याच्याशी त्यांना पुन्हा खेळायचं नव्हतं. तुम्ही अशा पार्श्वभूमीतून आला असाल तर दुसऱ्याला निरुपद्रवी असलेला गेम तुमच्यासाठी तसा नसेल.

आशयाच्या मानांकनात एक गोष्ट कधीच धड मोजली जात नाही: तुमच्या कानातले हेडफोन. सात वर्षांच्या मुलालाही चालेल अशा गेममध्ये अनोळखी लोक एकमेकांना काय काय बोलतात ते ऐकून पाहा. आणि तुम्ही काय बोलता तेही. इफिसकरांस चौथा अध्याय म्हणतो की तुमच्या मुखातून कुजके भाषण न निघो. हरल्यावर सोबत्याला आईबहिणीवरून शिव्या देणारा आणि सकाळी स्तुतिगीत म्हणणारा तरुण एकच असतो. अनेकांच्या बाबतीत त्यांच्या खेळाचा सर्वांत अख्रिस्ती भाग पडद्यावर नसतोच.

आता तुमच्या टोचणीकडे येतो, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त तीच दिसली. खेळताना टोचणी आणि न खेळतानाही टोचणी, ही स्थिती गेमइतकीच घातक आहे. अपराधी मनाने खेळणारा माणूस खेळाचा आनंद घेत नाही आणि खेळ सोडतही नाही. तो रविवारी गेम काढून टाकतो, बुधवारी परत घेतो, शुक्रवारी उशिरापर्यंत खेळतो, रविवारी रडतो. या फेऱ्यात अडकलेले अनेक जण मी पाहतो, आणि त्यांना मी आधी पश्चात्ताप सांगत नाही. आधी विचारतो की खेळायला बसता तेव्हा कशापासून लपता? कुणी नोकरी गेल्यापासून सुरू केलेलं असतं, कुणी आई गेल्यावर, कुणाचं घरात कोणाशी पटत नसतं. मत्तय बाराव्या अध्यायात प्रभू झाडून, सजवून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला देतो, जिथे निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परत येतो. गेम काढून टाकला आणि त्या संध्याकाळी दुसरं काहीच ठेवलं नाही, तर मोबाइलवरचे व्हिडिओ ती जागा चार दिवसांत भरून काढतात. फक्त आता तुम्ही खेळतही नसता, नुसते पाहत असता.

टोचणी देवाच्या आत्म्याची आहे की त्या बांधवांच्या आवाजाची, हे कसं ओळखावं? पवित्र आत्मा नेमकं बोलतो, असा माझा अनुभव आहे. ‘काल तू मुलावर ओरडलास’, ‘त्या पैशांविषयी तू पत्नीला सांगितलं नाहीस.’ त्यावर करण्यासारखं काहीतरी असतं. नुसतं धुकट ‘तू बरा विश्वासी नाहीस’ असं वाटत राहणं आणि त्यातून काहीच न निघणं, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण एक सावधगिरी आहे. रोमकरांस 14 म्हणतं की संशय धरून जो खातो तो दोषी ठरतो. तुमचं मन अजून निश्चित झालं नसेल तर ते होईपर्यंत खेळू नका. त्यात पराभव नाही.

त्यासाठी काही आठवडे गेम पूर्ण बंद ठेवून पाहा, उपास करतो तसा. पत्नीला आणि मंडळीतल्या एका मित्राला आधी सांगून ठेवा. बंद ठेवल्यावर पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखं होणं स्वाभाविक आहे, त्याचा मोठा अर्थ काढू नका. पुढे काय होतं ते पाहा. विसरून गेलात तर मोकळे आहात. सतत त्याचेच हिशेब मनात चालू राहिले, चिडचिड वाढली, उपास लवकर संपवायला कारणं सुचू लागली, तर करिंथकरांस पत्राचा तो ‘अधीन’ शब्द तुमच्यासाठी आहे.

आणि ते ज्येष्ठ बांधव. त्यांच्याशी वाद घालू नका, अक्वायनस तर मुळीच काढू नका. रोमकरांस 14 मध्ये दोन्ही बाजूंना आज्ञा आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. दोष लावायचं थांबवणं हा त्यांचा भाग आहे, तो तुमच्या हातात नाही. तुच्छ न मानणं तुमच्या हातात आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी व्यसनात घरं बुडताना पाहिलेली असतात, आणि पडद्यासमोर तासन्‌तास बसलेला तरुण पाहिला की त्यांना तेच आठवतं. त्यांना सांगा की तुम्ही त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं, काय ठरवलं तेही सांगा, आणि काही महिन्यांनी विचारायची मोकळीक द्या. मंडळीत कोणी गेमच्या विळख्यातून बाहेर पडण्यासाठी झगडत असेल तर त्याच्यासमोर आपल्या विजयाच्या गप्पा मारू नका. अडखळण म्हणतात ते हे.

राहिली तुमची पत्नी. ती काही बोलत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे, आणि ते तुम्ही संमती म्हणून धरलेलं दिसतं. तिला विचारा. ‘तुला चालतं का’ असं विचारू नका, त्याला लोक सवयीने ‘हो’ म्हणतात. विचारा की मी खेळत असतो तेव्हा तू मला काही सांगायचं टाळतेस का? हो असेल तर कोणत्या रात्री खेळायचं आणि किती वाजता थांबायचं, हे दोघांनी मिळून ठरवा. मुलं झाल्यावर हीच बोलणी पुन्हा करावी लागतील. तेव्हा मुलांवर नियम लादण्याआधी त्यांच्या शेजारी बसून ती काय खेळतात ते पाहा. इफिसकरांस 6:4 मध्ये बापांना दिलेली ताकीद आहे की मुलांना चिरडीस आणू नका, आणि आपण मध्यरात्री खेळून मुलाला सकाळी त्यावरून बोलणं याहून चिरडीस आणणारं काही नसेल.

या सगळ्यातून गेलात आणि तरीही विकायचं ठरलं, तर विका, त्याचं दुःख मानू नका. मात्र ज्यांच्याबरोबर तुम्ही ऑनलाइन खेळत आलात त्यांना न सांगता गायब होऊ नका. त्यांच्यापैकी एखाद्याची रात्रीची एवढीच सोबत असू शकते. त्याला आपला नंबर द्या, आणि पुढच्या आठवड्यात फोन करा.